पेम्ब्रोलिझुमॅब

पेम्ब्रोलिझुमॅब हे कर्करोगावरील इम्युनोथेरपीचे औषध असून ते ‘कीट्रुडा’ या नावाने विकले जाते. केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर थेट घाला घालतात. हे औषध मात्र कर्करोगाच्या पेशीला हातही लावत नाही. त्याचा सारा व्यवहार रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींशी असतो.

टी पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. जपानमधील क्योतो विद्यापीठात तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये त्याचा शोध लागला. पीडी म्हणजे ‘प्रोग्रॅम्ड डेथ’; पेशीच्या मरणाशी संबंध जोडून दिलेले ते नाव टिकले. प्रत्यक्षात ते निघाले टी पेशीचा लगाम. शरीरातील ऊतींवरचे पीडी-एल१ हे प्रथिन त्याला जोडले गेले की टी पेशी थंडावते आणि आपल्याच पेशींवरचा हल्ला टळतो. कर्करोगाच्या अनेक गाठी हेच पीडी-एल१ पांघरून निर्धास्त वाढतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) पीडी-१ वर आधीच जाऊन बसते, त्यामुळे लगाम ओढलाच जात नाही. होन्जो यांना अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

अमेरिकेत २०१४ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी याला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये तर गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, केवळ तिच्यातील विशिष्ट जनुकीय दोषावरून ते देण्यास परवानगी मिळाली. प्रौढांना दर ३ आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम किंवा दर ६ आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम शिरेतून देतात. गुण सर्वांनाच येतो असे नाही. ज्या गाठीत टी पेशी पोहोचलेल्याच नसतात, तिथे लगाम सोडून काय साधणार?

दुष्परिणामांचे मूळही याच क्रियेत आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसा मोकाट टी पेशींचा दाह निरोगी अवयवांना पोहोचतो. थकवा, खाज, पुरळ हे नेहमीचे. थायरॉइड मंदावणे बरेचदा आढळते. फुप्फुसे, आतडी, यकृत यांचा दाह गंभीर होऊ शकतो. हृदयस्नायूंचा दाह विरळा, पण जीवघेणा. केमोथेरपीतील जुलाब आणि हे जुलाब वेगळे : घरच्या घरी गोळी घेऊन ते थांबवले तर आतड्याचा दाह झाकला जातो. असा गंभीर दाह झाला की पेम्ब्रोलिझुमॅब थांबवून स्टेरॉइड देतात व ते हळूहळू कमी करतात. निकामी झालेल्या ग्रंथी मात्र बहुधा सावरत नाहीत, त्यांचे संप्रेरक जन्मभर बाहेरून घ्यावे लागते. हे त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात, म्हणून नवा खोकला किंवा धाप लागली तरी या औषधाचा इतिहास डॉक्टरांना सांगावा लागतो.