'द फोर फेदर्स' : चित्रपटागणिक बदलत गेलेली लढाई

ए. ई. डब्ल्यू. मेसनची ही कादंबरी १९०२ साली आली. लष्कराचा राजीनामा देणाऱ्या हॅरी फेव्हरशॅमला तीन सोबती अधिकारी आणि त्याची वाग्दत्त वधू एथनी भित्रेपणाची खूण म्हणून पांढरी पिसं देतात; तो डाग धुवायला तो एकटा सुदानला जातो, अशी तिची कथा. तोवर सुदानमध्ये महदी या धर्मनेत्याच्या अनुयायांवरचा ओमदुरमानचा ब्रिटिश विजय होऊन चार वर्षं झाली होती आणि ब्रिटनमध्ये त्याचे गोडवे गायले जात होते. तरीही लेखकाने त्या विजयाला कथेत जागा दिली नाही. त्याने १८८२पासूनची पाच-सहा वर्षं निवडली: खार्तूम हातचं गेलेलं, फौजा मागे घेतलेल्या, पकडलेले अधिकारी ओमदुरमानच्या तुरुंगात खितपत पडलेले. हॅरी बर्बर गावाच्या पडक्या भिंतीतून खार्तूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनची पत्रं काढून आणतो किंवा पिसं देणाऱ्यांपैकीच एक असलेल्या ट्रेंचला तुरुंगातून सोडवतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कुठलीही पलटण नसते. या कथेचं मोल त्या एकटेपणात आहे.

१९१५, १९२१ आणि १९२९ च्या चित्रपटांपेक्षा आज १९३९ चा रंगीत चित्रपटच लोकांच्या लक्षात आहे. नेमका त्यानेच काळ बदलला. हॅरीचा राजीनामा १८९५ मध्ये आणला आणि शेवट १८९८ च्या ओमदुरमानवर नेला. चित्रीकरण प्रत्यक्ष सुदानमध्ये झालं आणि लढाईची दृश्यं आजही थक्क करतात, हे मान्यच. पण या बदलामुळे हॅरी जिंकणाऱ्या बाजूचा शिलेदार झाला. खऱ्या लढाईत मॅक्झिम तोफांपुढे एका सकाळीत सुमारे १०,००० महदीसैनिक पडले. ब्रिटिश-इजिप्शियन बाजूचे मृत पन्नासच्या आत-बाहेर. अशा एकतर्फी लढाईवर भित्रेपणाचा डाग धुऊन निघाला असं दाखवणं कादंबरीवर अन्याय करणारं आहे. हीच लढाईची दृश्यं १९५५ च्या पुनर्निर्मितीत रुंद पडद्यासाठी ताणून पुन्हा वापरली गेली, त्यामुळे तोच काळ पक्का झाला.

२००२ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक शेखर कपूर भारतीय होता. त्याने कथा पुन्हा १८८४-८५ कडे आणली, ही दिशा योग्यच होती. मात्र अबू क्लेआची लढाई त्याने ब्रिटिशांचा पराभव म्हणून रंगवली. १७ जानेवारी १८८५ रोजी त्यांच्या सैनिकांची चौकोनी रचना काही मिनिटं फुटली हे खरं, पण मैदान त्यांच्याकडेच राहिलं. त्यांचा खरा पराभव नऊ दिवसांनी झाला. २६ जानेवारीला खार्तूम पडलं आणि मदत दोन दिवस उशिरा पोचली. साम्राज्याची हार दाखवायला तेवढं पुरेसं होतं.

मधल्या काळात पिसं कथेबाहेरही गेली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन इथे एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तीस स्त्रियांना हाताशी धरलं आणि साध्या वेशातल्या तरुणांना पांढरी पिसं वाटायला लावली. कादंबरीत एथनी स्वतः दिलेल्या पिसाचं ओझं वर्षानुवर्षं वाहते; या मोहिमेने त्यातलं फक्त अपमान करणं उचललं.

हॅरी गॉर्डनची ती पत्रं सुदानच्या ज्या सुआकिन बंदरात पिसं देणाऱ्यांपैकी विलोबीच्या हाती देतो, तिथे १८८५ मध्ये हिंदुस्थानातूनही फौज गेली होती. २२ मार्चला जवळच्या तोफ्रेक इथे काटेरी कुंपणाआडच्या छावणीवर महदीसैनिकांचा अचानक हल्ला झाला, तेव्हा शीख आणि बंगाल पलटणींसोबत मुंबई इलाख्याचं पायदळही लढलं. गाजलेल्या एकाही चित्रपटाचा कॅमेरा तिकडे वळलेला नाही.