तांबेरा एक, की अनेक? ‘आयसोलेट’ या शब्दाचा गुंता

चिकोडी-रायबागच्या पट्ट्यात सोयाबीनचा तांबेरा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पानाच्या खालच्या बाजूवर अंगठा फिरवला की विटकरी पूड, म्हणजे रोगाच्या बुरशीचे बीजाणू, हाताला लागते. जपानमध्ये या बुरशीची नोंद १९०२ सालची आहे. आपल्याकडे सत्तरच्या दशकात उत्तरेत पंतनगरकडे तिचा बोलबाला झाला. कृष्णाकाठाला मात्र खरा हिसका बसला १९९४ च्या खरिपात. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांना एकाच हंगामात. बेळगाव जिल्ह्यातल्या उगार खुर्दचं नाव रोगाचा बालेकिल्ला म्हणून अभ्यासात पक्कं झालं ते त्यानंतर. ही बुरशी जिवंत पानाशिवाय वाढत नाही आणि नदीकाठी उन्हाळी सोयाबीन, उसातलं आंतरपीक यांमुळे हिरवं पान वर्षभर कुठे ना कुठे असतंच.

आता शब्दाकडे. आयसोलेट म्हणजे वेगळा काढलेला, एका वंशाचा नमुना. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी काचेच्या बशीत, बटाट्याच्या काढ्यावर वाढते. एक बीजाणू उचलला, वाढवला, काम झालं. तांबेऱ्याला बशी चालत नाही. निरोगी पान तोडून ओल्या कागदावर ठेवायचं, त्यावर रोगट पानावरच्या एकाच फोडातली पूड लावायची, आठ-नऊ दिवस थांबायचं, पुन्हा एकच फोड उचलायचा. असं तीन-चार वेळा केलं तर कुठे ‘एका फोडाचा’ नमुना हाती येतो. एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून शिवारातून झटकून आणलेल्या पुडीच्या पाकिटावर गावाचं नाव टाकलं, की तोच ‘आयसोलेट’ होऊन बसतो. खरं तर त्या पाकिटात दहा वंश असू शकतात. मग दोन गावांतला फरक मोजतोय की दोन मिश्रणांतला, हे सांगता येत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या ‘विविधते’च्या कितीतरी आकड्यांची खोट इथेच आहे.

उलट्या टोकाचंही उदाहरण आहे. १९७३ मध्ये पंतनगरहून गेलेला एक नमुना अमेरिकेतल्या बंदिस्त प्रयोगशाळेत ‘इंडिया ७३-१’ म्हणून कित्येक वर्षं वापरात राहिला. आरपीपी-१ या तांबेऱ्याला रोखणाऱ्या जनुकाच्या वाणावर त्याने साधा ठिपकाही उठवला नाही, म्हणून ते जनुक भरवशाचं मानलं गेलं. दुसरे नमुने आले तसा भरवसा उडाला. एका पाकिटाने अख्ख्या देशाचं प्रतिनिधित्व करावं हे जरा अतीच. गंमत म्हणजे आरपीपी-३ हे तसलंच दुसरं जनुक ज्या वाणातून ओळखलं गेलं तो ‘अंकुर’ भारतातलाच.

तेव्हा फरक डोळ्यांनीच मोजत. भरपूर पूड सोडणारा पिवळसर तपकिरी डाग म्हणजे वाण बळी पडला, जवळजवळ कोरडा लालसर डाग म्हणजे त्याने दाद दिली नाही. १९९२ पर्यंत तर अमेरिका खंडातली वेगळी, सौम्य प्रजातीही या बुरशीच्याच नावाखाली मोजली जात होती.

डीएनए आल्यावर प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. पण ओळखीसाठी वापरला जाणारा आयटीएस हा डीएनएचा तुकडा एकाच फोडातून वाढवलेल्या नमुन्यातही एकापेक्षा जास्त रूपांत सापडतो, म्हणजे एका नमुन्याचेच दोन मोजले जाण्याची भीती. शिवाय प्रत्येक बीजाणूत दोन केंद्रकं असतात आणि लैंगिक पिढीचा माग कुठे नीट लागलेला नाही. २०२३ मध्ये तीन नमुन्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, छापून आले. प्रत्येकी अब्जाहून जास्त अक्षरं, त्यांतला ९३ टक्के भाग इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा. फरक कुठून येतात याचं थोडं उत्तर त्यात आहे. त्या तिघांत भारतातला एकही नव्हता.

इकडे शेतात जेएस-३३५ हे सोयाबीनचं जुनं वाण मागे पडून धारवाडकडचं डीएसबी-२१ आणि हद्दीपलीकडून आलेलं फुले संगम शेजारी शेजारी उभं राहतं. बियाण्याला सीमाप्रश्न नाही, बीजाणूला तर नाहीच. निपाणीच्या बांधावरून एका पिशवीत दोन्ही वाणांची पानं खुडून आणली, की मिश्रण तिथेच सुरू झालं. दोन पाकिटं करावीत, दोन वाणांची नावं लिहावीत, आणि एका फोडापर्यंत पोचेस्तोवर त्यावर ‘नमुना’ एवढाच शब्द असावा.