निर्गुंडीची परदेशी बहीण आणि पाळीआधीचे दिवस

नाल्याच्या काठी किंवा शेताच्या बांधावर निर्गुंडी आपली आपण वाढते. हाताच्या बोटांसारखी तीन किंवा पाच पानं, जांभळट तुरे, पान चुरडलं की उग्र वास. गुडघा धरला की हिच्या पाल्याचा शेक घ्यायचा, हे गावाकडे कुणाला सांगावं लागत नाही. हिचीच एक जातबहीण भूमध्य समुद्राच्या काठी वाढते. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव वायटेक्स ॲग्नस-कास्टस. तिची फळं मिऱ्यांसारखी दिसतात. मध्ययुगात ख्रिस्ती मठांमध्ये कामवासना ताब्यात राहावी म्हणून ती खात, असं सांगितलं जाई, म्हणून जर्मन भाषेत तिला आजही ‘मठवासीयांची मिरी’ म्हणतात.

पाळीच्या आधी येणारी चिडचिड, रडू, डोकेदुखी, छाती जड होऊन दुखणं यांवर ज्या वनस्पतींची नावं घेतली जातात, त्यांत सगळ्यात जास्त अभ्यास या मिरीचा झाला आहे. तिच्या फळांतली काही द्रव्यं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखी वागतात. डोपामिन हा प्रोलॅक्टिन या हार्मोनचा, म्हणजे अंगावरचं दूध तयार करवणाऱ्या हार्मोनचा लगाम. लगाम खेचला की प्रोलॅक्टिन उतरतं. छातीचं दुखणं आणि जडपणा यांचा प्रोलॅक्टिनशी संबंध असावा असं मानलं जातं, त्यामुळे या झुडपाचा उपयोग कुठे होऊ शकेल याचा निदान धागा तरी हाती लागतो.

2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. 170 स्त्रियांपैकी निम्म्यांना या फळांच्या अर्काची रोज 20 मिलिग्रॅमची गोळी दिली, उरलेल्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला काय मिळतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. तीन पाळ्यांनंतर अर्क घेणाऱ्यांपैकी 52 टक्के स्त्रियांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरला होता. चिडचिड, राग, डोकेदुखी, छातीचा जडपणा, सगळ्यांत फरक पडला. पोट फुगणं मात्र होतं तसंच राहिलं.

पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 24 टक्के स्त्रियांनाही तेवढाच आराम पडला होता. त्यांचा त्रास खोटा होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. हा त्रास महिन्यागणिक कमीजास्त होतो, आणि कुणीतरी आपलं ऐकून घेतंय, काळजी घेतंय, यानेही माणसाला बरं वाटतं. अर्काचं खरं श्रेय म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. हिशोब केला तर औषध घेतलेल्या साधारण चौघींमागे एकीला औषधामुळे बरं वाटलं. पुढे 2017 मध्ये या विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच कच्च्या निघाल्या आणि फायदा फुगवून दिसत असावा असा निष्कर्ष निघाला. म्हणून मी म्हणेन, आशा ठेवण्याजोगं झुडूप आहे, रामबाण नाही.

याच त्रासावर विकलं जाणारं ईव्हनिंग प्रिमरोझ या परदेशी फुलझाडाच्या बियांचं तेल, त्याचं नशीब एवढंही चांगलं नव्हतं. 1980 च्या दशकात पाश्चात्त्य देशांत त्याचा फार गाजावाजा झाला. काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत ते साध्या तेलाच्या कॅप्सूलहून सरस ठरलं नाही. छातीच्या दुखण्यासाठी ब्रिटनमध्ये त्याला मिळालेला औषधाचा परवाना 2002 मध्ये काढून घेण्यात आला. आपल्याकडे ते आजही लिहून दिलं जातं. केशराचं चित्र बरं आहे: तेहरानमधल्या एका छोट्या चाचणीत रोज 30 मिलिग्रॅमच्या मात्रेने फरक पडला. 50 स्त्रियांवरची ही चाचणी होती, तेव्हा तिच्यावर किती भार टाकायचा ते आपणच ठरवावं.

‘हार्मोन्स बिघडलेत, ते संतुलित करा’ हे वाक्य प्रत्येक बाटलीवर असतं, आणि याच वाक्याने मुलींची सर्वांत जास्त दिशाभूल होते. 1998 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात हा त्रास असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांचे हार्मोन्स औषधाने दाबून टाकले, मग तेच हार्मोन्स सारख्याच प्रमाणात परत दिले. त्रास असलेल्यांना पुन्हा उदासी आली, बाकीच्यांना काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोनची पातळी चुकलेली नसते. नेहमीच्या चढउतारालाच काहींचा मेंदू तीव्रपणे प्रतिसाद देतो. रक्ततपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ असं ऐकून घरी परतलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे पाळीच्या तक्रारींवर अशोकाची साल पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. इथे अडचण सालीपासूनच सुरू होते. खरा अशोक, म्हणजे केशरी-लाल फुलांचा सीताअशोक, आता दुर्मीळ होत चाललाय. शाळा-सोसायट्यांच्या कुंपणाशी उंच सरळ उभा असतो तो खोटा अशोक, त्याचं कूळच वेगळं. बाजारातल्या सालीचे नमुने डीएनएने तपासले तेव्हा त्यांत दुसऱ्याच झाडांची साल सापडली. निर्गुंडीचंही तेच. नात्याने बहीण असली तरी तिचा पाला उकळून प्यायला तर त्या 20 मिलिग्रॅमच्या अर्काचा गुण येईल असं धरून चालता येत नाही. चाचणी झाली ती एका झाडाच्या फळांची, ठरलेल्या अर्काची, ठरलेल्या मात्रेत.

कुठलंही औषध सुरू करण्याआधी दोन महिने कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहावेत: झोप, चिडचिड, दुखणं, जे असेल ते. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत येऊन रक्तस्राव सुरू झाल्यावर ओसरत असेल, तर तो पाळीआधीचा. महिनाभर तसाच राहत असेल, तर थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य अशी कारणं शोधायला हवीत. पाळीतले पेटके हा आणखी वेगळा विषय, त्यासाठी आलं आणि शेक आपापल्या जागी आहेतच.

गरोदर असताना किंवा मूल राहावं म्हणून उपचार चालू असताना ही मठवासीयांची मिरी घेऊ नये. डोपामिनवर काम करणारी औषधं, म्हणजे पार्किन्सनची, मानसिक आजारांवरची किंवा उलटीवरची काही औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. सेंट जॉन्स वर्ट नावाची दुसरी वनस्पती उदासीवर विकली जाते, तिच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी होऊ शकतात. आणि दर महिन्याला त्याच दिवसांत जीव नकोसा वाटत असेल, तर कुठल्याच काढ्यावर थांबू नका. मेंदूतलं सेरोटोनिन हे मनःस्थिती सांभाळणारं रसायन वाढवणाऱ्या गोळ्या यात चांगल्या लागू पडतात, काही वेळा पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरत्याच घेऊनही चालतं. डॉक्टरकडे जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.