पिंजरा भक्कम, म्हणजे कुत्रा सुरक्षित?

पळून जाणाऱ्या कुत्र्याला जाड गजांच्या पिंजऱ्यात कुलूपबंद केले की निर्धास्तपणे बाहेर पडावे, ही जळगाव-भुसावळकडेही ऐकू येणारी समजूत चुकीची आहे. एकटेपणाने घाबरलेला कुत्रा गज भक्कम असले म्हणून शांत होत नाही. तो ते चावत राहतो आणि त्यात सुळे तुटतात, नखे उखडतात. दाराच्या खालच्या कोपऱ्यात वाकलेली तार आणि तिच्यावर वाळलेली लाळ दिसली, तर तो खोडकरपणा नसून घबराट आहे, असे समजावे.

खानदेशात धोका दुहेरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. पत्र्याच्या छपराखाली, वीज गेल्यावर कूलर बंद पडला असताना धडपडणाऱ्या कुत्र्याचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले, तर ते जिवावर बेतते.

पिंजरा वापरायचाच असेल, तर आधी दार उघडे ठेवून आत जेवण द्यावे, मग काही मिनिटांपासून सुरुवात करून वेळ वाढवावी. आत सोडताना गळ्यातला पट्टा मात्र काढावाच, कारण तो गजात अडकून फास बसू शकतो. एवढे करूनही घबराट कायम राहिली, तर पिंजरा सोडून बंद, थंड खोली निवडावी आणि पशुवैद्यकांना दाखवावे.