ड्रॉवरची हँडले आणि नॉब घरच्या घरी बदलताना

नवी हँडले पसंत करण्यापूर्वी जुन्या भोकांमधील अंतर मोजून घ्यावे, अशी आमच्या ग्राहकांना आग्रहाची विनंती आहे. बदलून मागितल्या जाणाऱ्या बऱ्याच हँडलांमध्ये दोष काहीच नसतो, केवळ हे अंतर जुळत नसते. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचे असते; मध्य नेमका सापडत नसल्यास एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, माप तेच येते. मॉड्युलर किचनमध्ये हे अंतर बहुधा ९६, १२८ किंवा १६० मि.मी. असते. सुताराने घरी बनवलेल्या जुन्या फर्निचरमध्ये मात्र इंचाची मापे आढळतात आणि तेथेच घोळ होतो. ५ इंच म्हणजे १२७ मि.मी.; तेथे १२८चे हँडल भोकातल्या सैलपणामुळे बहुतेक वेळा बसून जाते. ४ इंच म्हणजे १०१.६ मि.मी.; तेथे ९६चे हँडल कधीच बसत नाही, आणि नवे भोक पाडू गेल्यास ते जुन्या भोकातच घुसते. नॉबला एकच भोक लागत असल्याने हा प्रश्न येत नाही.

स्क्रूची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. ड्रॉवरची दर्शनी फळी १८ मि.मी. प्लायची आणि वर सनमायका असेल, तर ४ मि.मी. जाडीचा, २५ मि.मी. लांबीचा स्क्रू पुरतो. फळीमागे ड्रॉवरच्या खोक्याची आणखी एक फळी असल्यास ४० किंवा ४५ मि.मी.चा घ्यावा लागतो. स्क्रू आखूड पडला तर आटे नीट धरत नाहीत. लांब झाला तर तो पूर्ण आवळूनही हँडल हलत राहते. अशा वेळी आतल्या बाजूने वायसर घालावा, जोर लावू नये, कारण जस्ताच्या मिश्रधातूच्या हँडलातले आटे गेले की ते हँडल वाया जाते.

नवे भोक पाडणे अटळ असेल, तर प्रथम जाड पुठ्ठ्यावर भोकांची खूण करून तोच पुठ्ठा प्रत्येक ड्रॉवरवर ठेवावा, म्हणजे सर्व हँडले एका ओळीत येतात. सनमायकावर मास्किंग टेप लावून त्यावर खूण करावी, मागे लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरावा आणि समोरून आधी ३ मि.मी.च्या व नंतर ५ मि.मी.च्या बिटाने, मशीन सरळ धरून, सावकाश भोक पाडावे. ठोकळा न धरल्यास बिट बाहेर पडताना आतील सनमायकाचा टवका उडतो आणि तो पुन्हा नीट बसवता येत नाही. नवे भोक जुन्याला लागून येत असेल, तर जुन्यात फेविकॉल लावून लाकडाची गोल खुंटी ठोकावी आणि ती रात्रभर वाळू द्यावी. रंगवलेल्या लाकडावर लांबी (पुट्टी) भरून रंग देता येतो. सनमायकावर लांबीचा डाग उठून दिसतो, म्हणून तेथे मागे पट्टी असलेले हँडल घेऊन जुनी भोके झाकणे आम्हांला अधिक योग्य वाटते.

कोकण किनाऱ्यावरील घरांसाठी आम्ही ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील सुचवतो, कारण खाऱ्या हवेत स्वस्त मुलाम्याला लवकर फोड येतात. लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) दिलेली पितळी हँडले चिंचेने किंवा पितांबरीने घासू नयेत. लॅकर निघते आणि पितळ डागाळते. ती ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत.