२,१४,७४,८३,६४७ : मूळ असल्याचं कसं ठरलं?

२ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस उरतात. ही संख्या मूळ आहे, असं इटलीच्या पिएत्रो कातालदी यांनी १६०३ मध्येच छापलं होतं. मात्र सिद्धता नव्हती. १७ आणि १९ हे घातांक (म्हणजे २ च्या तितक्याव्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्या) त्यांनी भागाकार करून तपासले. २३, २९, ३१ आणि ३७ नुसते सांगून टाकले. त्यातले तीन चुकले. २३ च्या संख्येला ४७ ने, तर ३७ च्या संख्येला २२३ ने भाग जातो, हे गणितज्ञ फर्मा यांनी १६४० मध्ये दाखवलं. २९ चा निकाल पुढे गणितज्ञ ऑयलर यांनी लावला. मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा घातांकांची यादी दिली, तिच्यातही ३१ आहे, पण तिच्यात ६७ आणि २५७ चुकीचे आहेत. तेव्हा अशा यादीवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

खरी अडचण कष्टांची होती. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे येतं; तिथवरच्या पावणेपाच हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहायचं म्हणजे चूक होणारच. ऑयलर यांनी दोन चाळण्या लावल्या. भाजक मूळ असेल तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ हवी, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ बाकी देणाऱ्या संख्याच उरतात. अशा संख्या चारशेहून कमी, आणि त्यातही बऱ्याच संयुक्त. पहिली मूळ ३११ : बाकी ३५. मग थेट १३०३ : बाकी २२६. अखेरपर्यंत कुठेच बाकी शून्य आली नाही. गणितज्ञ बेर्नुली यांना कळवलेला हा निकाल १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊण शतकाहून अधिक काळ यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती. इतकं काम इतक्या थोड्या भागाकारांत बसवणं, हेच मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

वर्गीकरण थोडक्यात : ही आठवी मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून येणारी मूळ संख्या. तिचा घातांक ३१ स्वतः मर्सेन मूळ असल्याने ती दुहेरी मर्सेनही ठरते. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज सर्व भाजकांची बेरीज स्वतःइतकीच असलेली) मिळते : २३०५८४३००८१३९९५२१२८.

संगणकात ३२ बिटांच्या (३२ द्विमान अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे ऋणही असू शकणाऱ्या, पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. तिच्यात १ मिळवला की बहुतेक यंत्रांवर −२१४७४८३६४८ दिसतो. १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी संगणकांतली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला इथेच अडतील. या मर्यादेचा मूळपणाशी संबंध नाही. मूळपणा कामी येतो तो यादृच्छिक (क्रम ओळखू न येणाऱ्या) संख्या काढताना. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये सुचवलेल्या रीतीत आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणायचं आणि आपल्या संख्येने भागून बाकी घ्यायची. शून्याखेरीज कुठूनही सुरुवात करा, २१४७४८३६४६ पायऱ्यांआधी पुनरावृत्ती होत नाही. शून्य घेतलं तर शून्यच येत राहतं. गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, तिथेच बहुतेकांचा प्रोग्राम चुकतो. पडताळा सोपा आहे : १ पासून निघून दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ यायला हवेत.