गडद रंगाच्या अंगणावर शेवाळ धरत नाही?

घरापुढच्या अंगणात छापाचे काँक्रीट (ओले असताना साचा दाबून नक्षी उठवलेले) घालायचे ठरले की ‘गडद रंग घ्या, शेवाळ धरत नाही’ असा सल्ला गोव्यात हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. शेवाळाला ओल आणि सावली लागते, रंगाशी त्याचे देणेघेणे नसते. आणि वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात माडाखालच्या अंगणाला या दोन्हींची वानवा नाही. गडद रंगावर शेवाळ फार तर उशिरा दिसते, म्हणजे पाय घसरल्यावर. उलट सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर वर येऊन बसणारा पांढुरका थर काळ्या-करड्या रंगावरच अधिक उठून दिसतो, आणि मे महिन्याच्या उन्हात अशी जमीन अनवाणी पायांना सोसवत नाही.

चिऱ्याच्या भिंतीशी जुळणारा फिका तांबूस किंवा वाळूचा रंग, तोही लोह-ऑक्साइडचा, निवडणे अधिक शहाणपणाचे, कारण तो उन्हाने सहसा विटत नाही. नक्षीत खोल सांधे असले की त्यांत पाणी आणि माती साचते. म्हणून उथळ पोताचा छाप घेऊन मीटरमागे 1 ते 2 सेंटिमीटर उतार घरापासून बाहेरच्या दिशेला ठेवावा. चकचकीत सीलर, म्हणजे वरून द्यायचा संरक्षक लेप, हवाच असेल, तर त्यात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळून घ्यावी.